हॉलमधली चूल की अंगणातली शेकोटी?

पत्र थोडक्यात : साताऱ्याच्या बोगद्यापलीकडे, सज्जनगड समोर दिसतो अशा उतारावर एका ताईंचं घर बांधून होत आहे. वय ४८, नोकरी. यजमानही नोकरीत, मूळचे माण तालुक्यातले. लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला दोघं पाचगणीत एका जुन्या बंगल्यात राहिली. तिथल्या फायरप्लेससमोर रात्री उशिरापर्यंत गप्पा झाल्या आणि ‘आपल्या घरात हे असायचंच’ असं ताईंनी तेव्हाच ठरवलं. आता आर्किटेक्टनं हॉलमधल्या दगडी फायरप्लेसचा आणि चिमणीचा साडेतीन लाखांचा अंदाज दिलाय. पुण्यात शिकणारी मुलगी म्हणते, चिमणी नको, भिंतीत बसणारी स्पिरिटवरची घेऊ, नाहीतर बागेत गॅसचा फायर पिट (आगीसाठी केलेला खड्डा किंवा कट्टा) करू. यजमान म्हणतात, “शेकोटीला चार विटा पुरतात.” नणंद म्हणाली, “साताऱ्यात फायरप्लेस? काश्मीरला राहायला निघालात का?” आणि ७६ वर्षांच्या सासूबाई, ज्यांना थंडीत दम लागतो, एकच वाक्य बोलल्या: “चुलीतनं सुटून मला पंचवीस वर्सं झाली, आता परत भितीत चूल घालताय व्हय?” स्लॅब पुढच्या महिन्यात आहे. ताई विचारतात : माझी हौस चुकीची आहे का? आणि नसेल, तर यातलं काय घेऊ?

ताई,

हौस चुकीची नाही. हे आधी सांगते, कारण पत्रात तीन ठिकाणी तुम्ही तिच्याबद्दल माफी मागितल्यासारखं लिहिलंय. वीस-पंचवीस वर्षं नोकरी करून उभ्या केलेल्या घरात एखादा कोपरा आपल्या मनासारखा हवा वाटणं यात वावगं काहीच नाही.

नणंदबाईंचं म्हणणं मात्र एका बाबतीत खरं आहे. साताऱ्याची थंडी खोली तापवावी लागेल अशी नसते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १२-१३ अंशांच्या आसपास येतो, एखाद्या लाटेत त्याच्याही खाली; पण संध्याकाळी दारं-खिडक्या लावल्या की विटांच्या घरात शालीवर भागतं. तुम्हीही थंडीसाठी फायरप्लेस मागत नाही, असं मला पत्र वाचून वाटलं. पाचगणीच्या त्या रात्रीबद्दल तुम्ही आठ-दहा ओळी लिहिल्यात आणि त्यात थंडी एकदाच आली आहे. बाकी सगळं आहे ते गप्पांबद्दल. ‘हे दोन तास मोबाइलला हात न लावता बसले होते’ हे वाक्य तर तुम्ही अधोरेखित केलंय. म्हणजे तुम्हाला माणसं गोल करून बसतील अशी एक जागा हवी आहे, आणि ती आगीशिवाय जमत नाही असं तुमचा अनुभव सांगतो. मलाही तो पटतो.

आता सासूबाईंच्या वाक्याकडे येते. तुमचं पत्र मी ज्या दिवशी वाचलं, त्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही, ते त्या वाक्यामुळे.

मी सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी वाढले. हंगामात गावात गुऱ्हाळं पेटायची. काहिलीत रस रटरटत असायचा, खाली चुलाणाच्या तोंडातून एक माणूस वाळलेली चिपाडं सारखी आत सारत असायचा, आणि त्या तोंडापासून चार हातांवर गावातली माणसं उकिडवी बसलेली. वडील, चुलते, आम्ही पोरं. राखेत रताळी पुरलेली. पोटाकडची बाजू भाजायची आणि पाठीला गारठा झोंबायचा, म्हणून अधूनमधून पाठमोरं होऊन बसायचं. माझ्या बालपणीची ती सगळ्यात ऊबदार आठवण आहे. त्या आठवणीत माझी आई नाही. ती त्या वेळी घरात चुलीपुढे असायची. ओली लाकडं, हातात फुकणी, डोळ्यांतून पाणी, पदरानं नाक पुसत भाकरी थापणं. घराबाहेरच्या आगीजवळ माणसं विसावा घ्यायला बसायची आणि घरातल्या आगीजवळ बाया राबायच्या. जुन्या घराला अशा दोन आगी होत्या, आणि त्यांची नावंही वेगळी होती : शेकोटी आणि चूल.

तुम्ही शेकोटी मागताय. आर्किटेक्टनं ती चुलीच्या जागी काढून दिली आहे. आणि सासूबाईंनी नकाशात चूल बघितली. माणमधल्या धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या घरात स्वयंपाक केलेली बाई ती. छताला ठेवलेल्या साण्यातून जेवढा जाईल तेवढा धूर जायचा, बाकीचा छातीत. आज त्यांना जो दम लागतो, त्यात त्या धुराचा वाटा असू शकतो. चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बायकांमध्ये सीओपीडी हा फुप्फुसाचा, दम लागण्याचा जुनाट आजार डॉक्टरांना सर्रास दिसतो, आयुष्यात बिडीला हात न लावलेल्यांमध्येसुद्धा. त्यामुळे त्यांचं वाक्य म्हातारपणाची कुरकुर म्हणून बाजूला ठेवू नका. त्या घरात धुराविषयी सर्वांत जास्त अनुभव त्यांच्याकडे आहे.

म्हणून माझा कल सांगते : हॉलमध्ये आग नको, अंगणात हवी. आता कारणं.

पाचगणीच्या त्या बंगल्याला फायरप्लेस का होती, ते आधी पाहू. १८२८-२९ च्या सुमाराला गव्हर्नर जॉन माल्कम यांनी महाबळेश्वरात इंग्रजांची वसाहत उभी केली, पुढे पाचगणीही वसली. थंड देशातून आलेल्या लोकांनी तिथल्यासारखी घरं इथे बांधली. पाचगणी समुद्रसपाटीपासून जवळजवळ १,३०० मीटरवर, सातारा शहर सातशे-साडेसातशेवर. शिवाय त्या बंगल्यात लाकडं फोडायला, आणून रचायला, सकाळी राख काढायला नोकर होते. तुमच्या घरी हे कोण करणार आहे, ताई? पत्रात याचा उल्लेख नाही, आणि यजमानांच्या ‘चार विटा पुरतात’मध्येही नाही. आगीची हौस करणाऱ्यानं राख कोण काढणार त्याचंही नाव आधी ठरवून ठेवावं. नाहीतर ते काम आपोआप कोणाकडे येतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

उघड्या फायरप्लेसची दुसरी गोष्ट अशी की ती दिसते तेवढी ऊब देत नाही. दहातले आठ-नऊ भाग उष्णता सरळ चिमणीतून वर जाते. शिवाय ती जळताना खोलीतली हवा ओढून घेते आणि तिच्या जागी दारांच्या फटींतून बाहेरची गार हवा आत येते. समोर बसलेल्याचे गुडघे तापतात, मागच्या सोफ्यावरच्याला झुळूक लागते. काउंट रम्फर्ड नावाच्या संशोधकानं १७९० च्या दशकात यावर उपाय शोधला होता : आगीची पेटी उथळ ठेवायची आणि बाजूच्या भिंती तिरक्या करायच्या, म्हणजे उष्णता खोलीत फेकली जाते. आपल्याकडे हे काम क्वचितच होत असल्यानं गवंडी खोल कोनाडा बांधतो, आणि त्यातली सगळी ऊब मागच्या भिंतीला मिळते.

चिमणीचंही गणित असतं. पुढचं तोंड ३६ इंच रुंद आणि ३० इंच उंच असेल, तर धुराच्या नळीचं क्षेत्रफळ त्याच्या साधारण दहावा हिस्सा लागतं, म्हणजे जवळजवळ १२ इंच व्यासाचा नळ. छपरातून बाहेर आल्यावर चिमणी किमान ३ फूट वर जावी आणि १० फुटांच्या परिघात पाण्याची टाकी, जिन्याची खोली, जे काही असेल त्याहून २ फूट उंच असावी. तुमच्या घरामागे तर डोंगराची चढण आहे. तिच्यावरून उतरणारा वारा चिमणीच्या तोंडात शिरून धूर उलटा खाली ढकलू शकतो. आणि एक गोष्ट जी अंदाजपत्रकात कोणी लिहीत नाही : आजच्या घरांना घट्ट बसणाऱ्या सरकत्या खिडक्या असतात, आणि स्वयंपाकघरात पंखा लावलेली चिमणी असते. भाजीला फोडणी देताना तुम्ही ती सुरू केलीत की ती घरातली हवा बाहेर ओढणार, आणि ती भरून काढायला हवा सर्वांत मोठ्या भोकातून आत येणार. ते भोक म्हणजे फायरप्लेसची चिमणी. सगळा धूर हॉलमध्ये, आणि हॉलमध्ये दम लागणाऱ्या सासूबाई.

पावसाळ्याबद्दल दोनच वाक्यं. बोगद्यापलीकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. वर्षातले दहा-अकरा महिने न वापरलेल्या नळीत पाणी, पारव्यांची घरटी आणि गंज एवढंच साठतं.

स्लॅबच्या घाईनं तुम्ही सर्वांत जास्त अस्वस्थ आहात असं दिसतं. ती घाई खरी नाही. दगडी चिमणीला स्लॅबमध्ये जागा सोडावी लागते हे बरोबर; पण उद्या घरात आग हवीच असं ठरलं, तर काचेचं दार असलेला, बंद, बिडाचा (ओतीव लोखंडाचा) स्टोव्ह मिळतो. तो चांगल्या बनावटीचा असेल तर लाकडातली साठ-सत्तर टक्के उष्णता खोलीला देतो, आणि त्याची पाच-सहा इंची दुहेरी नळी नंतरही बाहेरच्या भिंतीतून कोअर कटिंग करून, म्हणजे यंत्रानं गोल भोक पाडून, काढता येते. बीड आपल्या भागाला परकं नाही. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, लोखंडी नांगर घडवले गेले, आणि आजही सांगली-कोल्हापूरकडे ओतकामाचे कारखाने आहेत. तेव्हा स्लॅब ठरल्या दिवशी होऊ द्या. एक हिवाळा त्या घरात राहा. मग ठरवा.

मुलीनं सुचवलेल्या स्पिरिटवरच्या फायरप्लेसबद्दल मी स्पष्ट लिहिणार आहे, कारण हाच प्रश्न यंदा आणखी काही वाचकांनीही विचारलाय. दिसायला ती सुंदर असते. चिमणी नाही, राख नाही, काळ्या काचेवर निळसर-पिवळी ज्योत. पण धूर दिसत नाही म्हणजे काहीच निघत नाही असं नव्हे. एक लिटर इथेनॉल, म्हणजे तिच्यातलं स्पिरिट, जळलं की सुमारे दीड किलो कार्बन डायऑक्साइड आणि जवळजवळ लिटरभर पाणी वाफ होऊन त्याच खोलीत येतं. त्यामुळे खिडकी उघडी ठेवावी लागते, आणि खिडकी उघडी ठेवली की ऊब गेली. याहून मोठा धोका ती पुन्हा भरताना असतो. ज्योत विझली असं वाटून माणूस गरम बर्नरमध्ये कॅन ओततो. उरलेली बारीक ज्योत उजेडात दिसत नाही, वाफ भडकते आणि आग कॅनच्या तोंडापर्यंत येते. परदेशांत यानं माणसं होरपळली आहेत. ज्या घरात सणावाराला भाचरं-पुतणे येतात, तिथे मी ही वस्तू घेऊ देणार नाही.

आणि ज्यांच्याकडे फायरप्लेसही नाही नि अंगणही नाही, त्यांना जाता जाता हात जोडून सांगते : कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं बंद खोलीत, झोपायच्या जागी कधीही ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस जागाच होत नाही. देशात दर थंडीत अशी कुटुंबं जातात.

मुलीला हॉलमध्ये काहीतरी दिसायलाच हवं असेल, तर विजेची फायरप्लेस घ्या. ज्योत दिव्यांची, ऊब दीड-दोन किलोवॅटच्या हीटरची, ताशी दीड-दोन युनिट. तिला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट लागेल, तो मात्र आत्ताच वायरिंगमध्ये घालून घ्या. सासूबाईंनाही तिचा त्रास नाही. गप्पा तिच्यापुढे रंगतील का, हे मी सांगू शकत नाही. मला शंका आहे.

आता अंगण. इथे मन लावून लिहिते, कारण तुमचे पैसे इथे लागायला हवेत.

आधी जागा. उतारावरच्या घरात सर्वांत मोठी चूक जागा निवडतानाच होते, कारण आपण दृश्य बघून ठरवतो. धूर वर जातो असं आपण धरून चालतो, पण हिवाळ्यातल्या रात्री तो वर जातोच असं नाही. सूर्य मावळला की डोंगरावरची हवा गार होते, गार हवा जड असते आणि ती उतारावरून पाण्यासारखी खाली सरकते. महाबळेश्वरात दव गोठतं ते बाजारपेठेत नाही, वेण्णा तलावाच्या आणि लिंगमळ्याच्या सखल भागात, ते याच कारणानं. थंडीतल्या सकाळी गावांवर धुराची पट्टी अडकलेली दिसते, तिचंही कारण असंच : खाली गार हवा, वर कोमट, आणि मध्ये कोंडलेला धूर. म्हणजे तुम्ही घराच्या वरच्या अंगाला आग केलीत, तर रात्री तिचा धूर घरातच येणार. खालच्या अंगाला केलीत, तर शेजाऱ्याचं घर कुठे आहे ते बघा.

यासाठी एक साधी गोष्ट करा. डिसेंबरात पाच-सहा संध्याकाळी, सातला आणि पुन्हा नऊला, प्लॉटवर तीन-चार ठिकाणी उदबत्ती लावून मातीत खोचा आणि तिच्या धुराची रेघ कुठे जाते ते पाहा. वहीत लिहून ठेवा. सासूबाईंची खोली, स्वयंपाकघराची खिडकी आणि शेजाऱ्यांचं घर, या तिन्हींकडे रेघ वळणार नाही ती जागा तुमची.

घरापासून अंतर बंदिस्त, धूर कमी करणाऱ्या पिटला निदान १० फूट, आणि उघड्या लाकडांच्या आगीला मी तुमच्या वाऱ्यात २५ फूट सांगेन. वर झाडाची फांदी नको, वायर नको. आणि वणवा! अजिंक्यताऱ्यापासून यवतेश्वरापर्यंतच्या उतारांवरचं गवत होळीच्या आधीच वाळून कोळ होतं. एक ठिणगी पुरते. राखीव वनाला धोका होईल अशी आग पेटवणं किंवा पेटती सोडून जाणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहेच, पण कायद्याचं सोडा. एका रात्रीत डोंगर काळा होतो, त्यातली घरटी, सरडे, कोवळी रोपं सगळं जातं. म्हणून पिटभोवती दहा फुटांत गवत ठेवू नका, मुरूम किंवा खडी पसरा. वर ठिणग्या अडवायला जाळीचं झाकण घ्या. भरलेली बादली किंवा नळाचा पाइप हाताशी ठेवा. आणि फेब्रुवारी संपला की शेकोटी बंद.

बांधायची असेल तर आतला व्यास ३ फूट पुरतो. उंची १२ ते १४ इंच. तळाला काँक्रीट नको. सहा इंच खडी घाला, पावसाचं पाणी मुरेल. खालच्या थरात चार बाजूंना एकेक विटेची फट सोडा, आगीला हवा लागते. आतून फायर ब्रिक (आग सोसणारी वीट) आणि फायर क्लेचा (तशाच मातीचा) मसाला, बाहेरून काळा घडीव दगड. नेहमीच्या सिमेंटच्या सांध्यांना रोजची आग सोसत नाही, ते दोन हिवाळ्यांत भुगा होतात.

दगडाबद्दल एक आठवण सांगते, कारण ही चूक मी केली आहे. काही वर्षांपूर्वी गावाकडच्या घरी मी हौसेनं नदीतले गोल गुळगुळीत गोटे आणून शेकोटीभोवती रचले. छान दिसत होते. अर्ध्या तासानं त्यातला एक गोटा सुतळी बॉम्बसारखा फुटला आणि कपची माझ्या भावाच्या घोट्यात घुसली. तीन टाके पडले. दगडाच्या आत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही. आपल्या काळ्या पाषाणात पुष्कळदा पोकळ्या असतात आणि त्यांत पांढरे खडे दिसतात, झिओलाइटचे. तापल्यावर ते पोटातलं पाणी सोडतात. ‘उकळणारा दगड’ असाच त्यांच्या ग्रीक नावाचा अर्थ आहे. तेव्हा आगीला लागून नदीचा गोटा नको आणि भोकांचा दगडही नको. पाथरवटाकडून भरीव, कोरडा दगड घ्या, आणि तोही फायर ब्रिकच्या मागे.

पण खरं सांगू? आधी बांधूच नका. पहिल्या वर्षी लोखंडाचा, हलवता येणारा पिट घ्या किंवा करून घ्या. साताऱ्यात एमआयडीसीतला कुठलाही चांगला फॅब्रिकेटर जाड काळ्या पत्र्याचे दोन नळकांडे एकात एक बसवून देईल. मध्ये इंचभर पोकळी. बाहेरच्या नळकांड्याला खाली भोकं, आतल्याला तळाशी आणि वरच्या कडेला. खालून शिरलेली हवा पोकळीतून वर जाताना तापते आणि वरच्या भोकांतून ज्वाळेत शिरते, त्यामुळे धूर होऊन उडून जाणारा भाग तिथेच जळतो. आग नीट पेटली की धूर बराच कमी होतो, फक्त पेटवताना आणि विझताना असतो. सासूबाईंच्या दृष्टीनं लाकडाच्या पर्यायांत मला हाच बरा वाटतो, आणि वारा फिरला तर उचलून दुसरीकडे ठेवता येतो. फक्त गॅल्व्हनाइज्ड पत्रा वापरू देऊ नका. तापल्यावर जस्ताचा धूर निघतो, त्यानं ताप भरतो.

गॅसचा पिट धुराच्या बाबतीत सर्वांत स्वच्छ. सासूबाईंचे डॉक्टर म्हणाले की लाकडाचा धूर अजिबात नको, तर मुलीचं ऐका आणि हाच घ्या. मध्यम बर्नर ताशी किलोभर गॅस खातो, म्हणजे १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरात साधारण १९ तास. घरगुती सिलिंडर स्वयंपाकासाठीच असतो, तो इथे लावायचा नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खड्ड्यात साठून राहतो. म्हणून गॅसचा पिट जमिनीत खोदून करू नये, आणि बांधलेल्या कट्ट्यात असेल तर तळाशी दोन्ही बाजूंना झरोके हवेतच.

लाकडांचं म्हणाल तर बाभूळ. जड, हळू जळणारी, निखारा धरणारी. चिंचही चांगली. वखारीतून घेताना दोन ओंडके एकमेकांवर आपटून बघा : टणटणीत आवाज आला, टोकांना चिरा दिसल्या, साल सुटत असली तर वाळलेलं. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणीच असू शकतं आणि तुमच्या आईच्या, माझ्या आईच्या डोळ्यांतलं पाणी त्यातूनच आलेलं असायचं. उन्हाळ्यात घ्या, फोडून घ्या, पावसाळ्यात छपराखाली पण बाजूंनी उघडं रचून ठेवा, डिसेंबरात वापरा. प्लायवूड, सनमाईका, रंगवलेल्या चौकटी, बांधकामातलं शटरिंग काही जाळायचं नाही; तुमच्या साइटवर ते ढिगानं पडलेलं असेल आणि मोह होईल. कोळसा हवा असेल तर उसाच्या पाचटापासून केलेला मिळतो का ते विचारा. फलटणला केंद्र असलेल्या ‘आरती’ संस्थेनं ते तंत्र विकसित केलं आणि २००२ साली त्यासाठी त्यांना ॲश्डेन पुरस्कार मिळाला. शेतात पाचट पेटवून देण्यापेक्षा तो कोळसा कितीतरी बरा.

सकाळी राख गार दिसली तरी आत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत असतो. झाकणाच्या लोखंडी डब्यातच काढा. तुमच्या तांबड्या मातीत मूठ-मूठ टाकायला हरकत नाही. सांगलीकडच्या काळ्या, मुळातच विम्ल (अल्कधर्मी) जमिनीत नको, राखही तशीच असते.

सांगलीच्या वाचकांसाठी एवढंच की ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला ज्यांच्या अंगणात कृष्णा आली होती, त्यांनी खोदलेल्या पिटवर पैसे घालू नयेत, गाळ काढता काढता जीव जाईल. उचलता येणाराच घ्यावा. गच्चीवर करायचा असेल तर पायांवर उभा असलेला, खाली वाळूचा थर आणि वर फरशा, नाहीतर वॉटरप्रूफिंग भाजून निघेल.

साडेतीन लाखांचं काय करायचं, तर त्यातले थोडे कट्ट्याला लावा. पिटच्या कडेपासून चार फूट सोडून अर्धगोल कट्टा, १८ इंच उंच, बसायला दीड फूट रुंद, आणि त्यातल्या निदान एका भागाला पाठ. आग विकत मिळते, पण बसायची जागा नीट नसेल तर माणसं पंधरा मिनिटांत उठतात. पूर्ण गोल करू नका. धूर ज्या बाजूला जातो ती मोकळी सोडा. तुमची उदबत्तीची वही इथे कामी येईल.

आणि सासूबाईंशी बोला, पण फायरप्लेसबद्दल नको. त्यांना विचारा, “आई, तुमच्या माणला हुरड्याची आगटी कशी करायचे?” रबी ज्वारीचा मुलूख तो. शेतात खड्डा, त्यात शेण्यांचा विस्तव, निखाऱ्यात कणसं खुपसायची, गरमगरम कणीस तळहातावर चोळायचं. त्यांना सगळं माहीत असेल. मग हेही विचारा की त्यांना कधी त्या आगटीशी नुसतं बसून खायला मिळालं का, की कणसं भाजून देण्यातच सगळे हुरडे गेले. उत्तर काय येतं ते मला कळवा. मला ते खरंच ऐकायचं आहे.

डॉक्टरांची हरकत नसेल तर जानेवारीत, ज्वारी हुरड्यात आली की, पहिल्यांदा आग पेटवा. वारा जिकडून येतो त्या बाजूची, पाठ असलेली जागा त्यांची. वर शाल, पायांत मोजे, आणि खोकला आला तर उठून आत जायला मोकळी वाट. त्या दिवशी लाकडं तुम्हीही घालायची नाहीत, ताई. शेकोटीला चार विटा पुरतात असं ज्यांचं म्हणणं आहे त्यांना घालू द्या. कणसं त्यांनी भाजायची, राखही सकाळी त्यांनीच काढायची. तुम्ही दोघी बसा.